गच्ची ऑक्टोबरातच पाहावी

आमच्या झोपण्याच्या खोलीच्या छतावर पेन्सिलीने काढलेल्या सात वेड्यावाकड्या रेषा आहेत आणि प्रत्येक रेषेशेजारी तारीख लिहिलेली आहे. पावसाळ्यात छतावर ओल उमटली की मी स्टुलावर चढून तिच्या कडेकडेने रेष ओढते. पहिली रेष मृगाच्या पावसानंतरची, वाटीच्या तोंडाएवढी. पुढच्या एकीभोवती एक अशा पसरत गेलेल्या. आणि शेवटची ऑगस्टातली, जी थेट पंख्याच्या हुकाला जाऊन भिडली. पाहुण्यांना हे छत विद्रूप वाटते आणि रंगारी तर दर दिवाळीला ते रंगवून देण्याची तयारी दाखवतो. परंतु पाणी कोठून येते हे कळण्याआधी त्याची खूण पुसून टाकणे मला मान्य नाही. ते शोधण्याचे काम मुंबईत बहुतेक ठिकाणी मे महिन्यात, ढग दिसू लागल्यावर सुरू होते. माझ्या अनुभवाने ते ऑक्टोबरात, पाऊस परतल्यावर लगेच करायला हवे, आणि त्याची कारणे सविस्तर सांगावीत म्हणून हे लिहीत आहे.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला आहे, १९८४ साली बांधलेली, चार मजल्यांची, सोळा घरांची. आम्ही सर्वांत वर राहतो. गेली सहा वर्षे सोसायटीच्या कमिटीत गच्चीचे काम माझ्याकडे आहे, आणि ते मी मागून घेतले होते, कारण वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला गच्ची हेच आपले छत असते, तर खालच्या बारा घरांना ती पापड वाळवण्याची आणि पाण्याच्या टाकीची जागा असते. यात कोणाचा दोष नाही. जे डोक्यावर नाही त्याकडे माणसाचे लक्ष जात नाही.

माझे माहेर गिरगावातले, एका कौलारू चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरचे. तेथे छत कोणाला विसरताच येत नसे. आगोट जवळ आली की घरमालकाचा सुतार आणि त्याचे दोन गडी पाख्यावर चढत, ओळीओळीने कौले उचलून शेवाळ खरवडत, फुटकी कौले काढून नवी बसवत, कुजलेल्या रिपा बदलत आणि आढ्यावरच्या कोनाच्या कौलांच्या फटी पुन्हा भरून घेत. मंगलोरी कौलाची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावर हे कौल पसरले. त्याच्या कडांना खाचा असतात, त्या एकमेकींत अडकतात, आणि एका कौलावरचे पाणी पुढच्या कौलावर उतरत वळचणीपर्यंत जाते. एक कौल फुटले तर तेवढे एकच बदलता येते. शोधणेही सोपे असे. आई खोलीत उभी राहून गळणाऱ्या जागेखाली लांब काठीने कौल ठोकत असे आणि वरून सुतार विचारत असे, ‘‘हेच का वहिनी?’’ आई ‘‘त्याच्या वरचं’’ म्हणाली की तो एक हात वर सरके. पाच मिनिटांत दोघांचे एकमत होई.

सिमेंटच्या स्लॅबखाली राहायला आल्यावर मी अनेक वर्षे हाच हिशोब मनात धरून होते, की जेथे ओल दिसते त्याच्या बरोबर वर दोष असणार. स्लॅबच्या बाबतीत हे बहुधा खोटे ठरते. आमच्या गच्चीवर, बहुतेक जुन्या इमारतींवर असतो तसा, विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे: खाली स्लॅब, त्यावर सिमेंटच्या मसाल्यात बसवलेले विटांचे तुकडे उताराने रचलेले, आणि वर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी. वरच्या थरात केसाएवढी भेग पडली की पाणी आत शिरते, पण लगेच खाली येत नाही. वीट ते शोषून घेते. मग ते स्लॅबच्या पाठीवरून उतार मिळेल तिकडे सरकते आणि स्लॅबमधली एखादी फट किंवा विजेच्या तारांचा पाइप सापडला की तेथून खाली उतरते. म्हणून ओल पुष्कळदा पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागी उमटते. (असे झाले तर त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे विजेचा खटका, आधी बंद करावा आणि बादली नंतर शोधावी. आमच्या घरी मी हे ऑगस्टात केले आणि पुढचे तीन आठवडे ती खोली टेबल लॅम्पवर चालवली.) पाऊस थांबल्यावरही पाच-सहा दिवस छत ठिबकत राहते, तेही याच कारणाने.

आता ऑक्टोबरच का, ते सांगते. त्या वेळी ओलीच्या खुणा ताज्या असतात. कोणत्या पावसात, कोणत्या दिशेच्या वाऱ्यात, किती तासांनी पाणी आले हे घरातल्या प्रत्येकाला आठवत असते. मे महिन्यापर्यंत छत पूर्ण वाळते, डाग फिकट होतात, आठवणही पुसट होते, आणि मग वर चढलेला माणूस नाइलाजाने ‘सगळीच गच्ची करून टाकू’ असे म्हणतो. शिवाय कोब्यात मुरलेले पाणी बाहेर पडायला कोरडे, उन्हाचे दोन-तीन महिने लागतात. ते आत असताना वरून रबरासारखा लेप दिला, तर उन्हाने आतल्या पाण्याची वाफ होते आणि लेपाला फोड येतात. सिमेंटचे नवे काम सात-आठ दिवस ओले ठेवावे लागते आणि मग त्याची परीक्षा घ्यावी लागते. हे सर्व मेच्या शेवटच्या आठवड्यात बसत नाही. त्या आठवड्यात चांगला गवंडीही मिळत नाही, कारण साऱ्या मुंबईला तो त्याच दिवसांत हवा असतो.

मी कमिटीत येण्यापूर्वी आमच्या गच्चीवर तीन वेळा लेप चढला होता. एका कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी लिहून दिली होती. दुसऱ्याच पावसात पाणी आले आणि तोपर्यंत त्याचा फोन लागेनासा झाला होता. मला राग हमीपेक्षा वेगळ्या गोष्टीचा येतो. तो, आणि त्याच्या आधीचे दोघे, यांपैकी कोणीही पाणी कोठून येते हे तपासले नव्हते. त्यांनी चौरस फूट मोजले आणि दर सांगितला. पुढे एकाने जुन्या कोब्यावर नवा कोबा घालण्याचे सुचवले, तेव्हा आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारले आणि त्यांनी ते ठामपणे नाकारले. विटांच्या कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास भरते, आणि वावराच्या गच्चीवर माणसे व सामान मिळून चौरस मीटरला दीडशे किलोच भार धरण्याची पद्धत आहे. जुना थर न काढता नवा घालणे म्हणजे चाळीस वर्षांच्या स्लॅबवर कायमची गर्दी उभी करणे. ज्यांच्या इमारतीवर असे दोन थर आधीच आहेत त्यांनी हे इंजिनिअरला जरूर दाखवावे. ओळीने बांधलेल्या कितीतरी जुन्या इमारतींच्या गच्च्या जिन्याच्या दाराच्या उंबरठ्याच्या वर आलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि ते पाहून मला खरोखर भीती वाटते.

त्यानंतर आम्ही पाणी भरून पाहिले. गच्चीचे सिमेंटच्या छोट्या बांधांनी सहा भाग केले, पाण्याच्या पाइपांची तोंडे ओल्या पोत्याने आणि मसाल्याने बंद केली, आणि एका वेळी एकाच भागात दोन इंच पाणी दोन दिवस उभे ठेवले. खाली चारही घरांत मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका सकाळ-संध्याकाळ छत पाहत होतो. निकाल अनपेक्षित होता. मधल्या मोकळ्या भागातून थेंबही आला नाही. पाणी आले ते तीन जागांतून: पाण्याच्या टाकीच्या खांबाभोवती, पश्चिमेच्या कठड्याच्या कोपऱ्यात, आणि माझ्या छतावरच्या पहिल्या रेषेपासून टेपने मोजून नऊ फूट दूर असलेल्या एका जागी, जेथे कधीकाळी कोणीतरी डिश अँटेना बसवताना कोब्यात चार बोल्ट ठोकले होते. अँटेना केव्हाच गेली होती. गंजलेले बोल्ट तेवढे फरशीच्या पातळीला कापलेले होते आणि त्यांच्याभोवती पिंगट वर्तुळे होती, इतकी लहान की चप्पल घातलेला पाय त्यांवर पडला तरी कळू नये.

त्या दिवसापासून मी गच्चीची जमीन शेवटी पाहते आणि कडा आधी पाहते. गच्ची आणि कठडा जेथे मिळतात तेथे गवंडी सिमेंटचा गोलाकार उतार देतात, त्याला ते वाटा म्हणतात. उन्हात तापून स्लॅब पसरतो आणि पहिल्या सरीने एकदम निवून आखडतो, कठडा मात्र त्याच्याबरोबर तेवढा हलत नाही, त्यामुळे वाट्याला आडवी भेग पडते. पाइप जेथे स्लॅबमधून जातो ती जागा, कठड्याची सपाट डोकी, जिन्याच्या खोलीचा उंबरा, टाकीचे खांब, या प्रत्येक ठिकाणी दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना मिळतात, आणि पाण्याला तेवढे पुरते. आम्ही त्या तीन जागा खोदून, जुना मसाला काढून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरल्या आणि वर जाळी बसवून लेप दिला. खर्च आधीच्या एका संपूर्ण लेपाच्या चौथ्या हिश्श्याइतकाही आला नाही.

ओल म्हणजे केवळ रंग खराब होणे नव्हे, हेही सोसायटीच्या सभेत पुन्हा पुन्हा सांगावे लागते. काँक्रीट क्षारधर्मी असते आणि त्यामुळे आतल्या सळीवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आपल्या समुद्राच्या हवेतले मीठ हळूहळू त्या पापुद्र्याचा नाश करतात. त्यात पाणी पोहोचले की सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो, आणि आतून रेटा बसून स्लॅबचे पोपडे निखळून पडतात. वरच्या मजल्यावर गिलाव्याचा तुकडा अंथरुणावर पडण्याची सुरुवात कठड्याच्या एका भेगेतून झालेली असते. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करणे ही सोसायटीची जबाबदारी आहे, वरच्या घरमालकाची नव्हे. त्यासाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी गोळा करायचा असतो, आणि तीस वर्षांवरील इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी करायचे असते. हा निधी नियमाने जमत असेल तर ऑक्टोबरात सही करून काम सुरू करता येते. नाहीतर वर्गणी मागता मागता मे उजाडतो.

पाण्याच्या वजनाविषयी थोडे सांगायला हवे. आमची गच्ची तीनशे चौरस मीटरची आहे आणि तिला चार इंची चार पाइप आहेत. गेल्या वर्षी जुलैतल्या एका रविवारी, रात्रभर पाऊस झाल्यावर, मी सकाळी जिन्याचे दार उघडले तेव्हा पाणी उंबऱ्याला लागले होते. दोन पाइपांच्या तोंडाशी शेजारच्या गुलमोहराची पाने साचली होती, आणि तिसऱ्याच्या जाळीवर दुधाची एक रिकामी पिशवी अशी चपखल बसली होती की जणू कोणी मापाचे झाकण कापून ठेवले असावे. मी हात घालून ती ओढली तेव्हा पाणी इतक्या जोराने खेचले गेले की जाळीही तिरकी झाली. चार इंच पाणी म्हणजे चौरस मीटरला शंभर किलो, म्हणजे आमच्या संपूर्ण गच्चीवर तीस टन. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तेवढा पाऊस आमच्या गच्चीवर पडला असता तर दोन लाख ऐंशी हजार लिटरहून अधिक पाणी या चार पाइपांतून उतरावे लागले असते. सपाट जाळी पिशवीने झाकली जाते, म्हणून आम्ही आता घुमटाच्या आकाराच्या जाळ्या बसवल्या आहेत, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर सकाळी कोणी वर जायचे याचा तक्ता नोटीस बोर्डावर लावला आहे.

वाऱ्याचा धडा आम्हांला उशिरा मिळाला. मुंबईला वादळ येत नाही असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, आणि पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, तौक्ते मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातून गेले, तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचा वारा नोंदला गेला. त्या दुपारी मी खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पत्र्याची शेड पाहत होते. पत्रा मधून उडत नाही, हे मला तेव्हा प्रथम दिसले. नैऋत्येच्या कोपऱ्यातले एक टोक आधी थरथरू लागले, मग वीतभर उचलले गेले, पुन्हा आपटले, आणि असे वीस-पंचवीस वेळा झाल्यावर त्याच्या कडेचे बोल्ट एकेक करून सुटले व संपूर्ण पत्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटला. तो खालच्या मोकळ्या गल्लीत पडला. टाळेबंदीमुळे गल्लीत कोणी नव्हते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ११४ किलोमीटरला तो चौरस मीटरमागे साठ किलोंच्या घरात जातो, आणि छताच्या कडांवर व कोपऱ्यांवर तो खाली न दाबता वर ओढतो. सिमेंटच्या पत्र्याचे स्वतःचे वजन याच्या चौथ्या हिश्श्याएवढेच असते. बांधकामाच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर धरलेला आहे. तेव्हा गच्चीवर शेड घालायची असेल तर महापालिकेच्या परवानगीबरोबर इंजिनिअरचा आराखडाही हवा, आणि तिचे खांब कोब्यात रोवून चालत नाही.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचे घर भांडुपला डोंगराच्या उतारावर आहे आणि त्यावर सिमेंटचे पत्रे आहेत. तौक्तेनंतर मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी पत्र्यांवर ठेवलेल्या विटा आणि एक टायर दाखवून विचारले, ‘‘ताई, अजून वजन ठेवू का?’’ त्यांच्या वस्तीत सगळेच तसे करतात, कारण त्याला पैसे लागत नाहीत. पण वीट पत्र्याला तडा देते, आणि वाऱ्यात घरंगळली तर खालच्या घरावर जाते. आम्ही ओळखीच्या फॅब्रिकेटरला बोलावले. त्याने कडेच्या ओळीतले जे-बोल्ट, म्हणजे पत्रा धरून ठेवणारे आकड्यासारखे वाकलेले बोल्ट, दुप्पट केले, प्रत्येकाखाली लोखंडी आणि डांबरी असे दोन्ही वॉशर घातले, आणि जुन्या कामात पन्हळीच्या खोलगट भागात पाडलेली भोके बुजवून नवी भोके उंचवट्यावर पाडली, कारण पाणी खोलगट भागातून वाहते. त्याने आणखी एक गोष्ट दाखवली जी मला ठाऊक नव्हती. पत्रे एकमेकांवर चढवताना वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे येता कामा नये. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पत्रे पूर्वेकडून बसवत पश्चिमेकडे यावे लागते. मावशींच्या घराचे अर्धे पत्रे उलटे बसवलेले होते, आणि त्यांच्या भिंतीवर दर पावसात येणारे ओघळ त्याच ओळींखाली होते. त्याने पत्र्यावर पाय न ठेवता वाशांवर आडव्या फळ्या टाकून काम केले, हेही मुद्दाम लिहिते. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचे वजन पेलेल असे समजून चढलेले कामगार आरपार खाली पडतात. कामगार वर चढवणाऱ्याने फळ्या आणि कमरेचा पट्टा यांचे पैसे वेगळे द्यावेत आणि ते वापरले जातात का हे स्वतः उभे राहून पाहावे. जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात, म्हणून ते कोरडे घासू किंवा कापू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते.

आता मे महिन्यात आमच्याकडे दुरुस्ती होत नाही, फक्त आवराआवर होते: कुंड्या कठड्यावरून खाली उतरवणे, टाक्यांची झाकणे तारेने बांधणे, जुनी दारे आणि मोडकी कपाटे भंगारात देणे, पाइपांतून बादलीने पाणी सोडून पाहणे. ताडपत्री लागलीच तर ती दोरीने कठड्याच्या बाहेरच्या हुकांना बांधतो, दगड ठेवून नाही.

या पावसाळ्यात माझ्या छतावर आठवी रेष ओढावी लागली नाही. तरी रंगाऱ्याला मी अजून एक पावसाळा थांबायला सांगितले आहे, कारण काल गच्चीवर फिरताना उत्तरेच्या कठड्याच्या बाहेरच्या बाजूला, पाइपाच्या क्लँपमागे, पिंपळाचे एक रोप दिसले. चार पाने आहेत, त्यांतली दोन अजून तांबूस. नुसते उपटले तर ते मुळापासून पुन्हा फुटते आणि मूळ भेग रुंद करत आत जाते, म्हणून तेथला गिलावा फोडून मूळ पूर्ण काढावे लागेल. गवंडी रविवारी सकाळी नऊला येणार आहे आणि पट्ट्याची दोरी धरायला तिसऱ्या मजल्यावरचे काका येतो म्हणाले आहेत.